परसबागेची तारीख उलटी मोजावी लागते

२०२२ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. आर्णी तालुक्यातल्या आमच्या शाळेत करोनानंतर मुलांची वर्दळ नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. बंद काळात शाळेमागच्या जागेत गाजरगवत कमरेइतके वाढलेले. ते काढले, जमीन खणली, आणि होळीच्या आसपास परसबाग लावली. भेंडी, काकडी, दुधी, पालक, सांभार पेरला. बाजारातून टमाट्याची रोपे आणून लावली. पुस्तकात 'वसंत ऋतू हा लागवडीचा काळ' असे वाचलेले होते आणि वसंत तर दारात उभा होता. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या काकूंनी मात्र आळी पाहून विचारले, "गुरुजी, ह्या दिवसात काकडी लावतेत का कोनी?" आम्ही हसून तो प्रश्न सोडून दिला.

एप्रिल संपता संपता मुलांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. "सर, फुलं तं लय आली, पण धरत नाई." टमाट्याची फुले देठाजवळ पिवळी पडून गळत होती. काकडीच्या वेलावर फुलेच फुले, काकडी एखादीच. पालक जेमतेम उगवला, सांभार बोटभर झाला नाही तोच फुलावर आला. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली. मग शाळेला सुट्टी लागली, पाणी घालायला कोणी उरले नाही आणि बाग संपली.

बियाणे खराब, खत कमी, जमीन नापीक अशी नेहमीची कारणे त्या वेळी पुढे आली. त्यातले एकही खरे नव्हते. चूक तारखेची होती, आणि ती का होती हे शोधताना आम्हाला वनस्पतिशास्त्राचे जेवढे धडे मिळाले तेवढे पाठ्यपुस्तकातून क्वचितच मिळाले असतील.

पहिली गोष्ट 'वसंत' या शब्दाची. बागकामाची बहुतेक पुस्तके थंड प्रदेशात लिहिली गेली किंवा तिथल्या पुस्तकांवरून लिहिली गेली. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. शेवटचे दहिवर कधी पडेल, ही तिथल्या माळ्याची चिंता. ती तारीख उलटली की पुढे चार-पाच महिने मोकळे. म्हणजे तिथे हंगामाची अडचण त्याच्या सुरुवातीला आहे. आपल्याकडे उलटे आहे. आर्णी साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून दूर, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात. इथे जानेवारीतही जमीन गोठत नाही. अडचण हंगामाच्या शेवटाला आहे. एप्रिलच्या मध्यापर्यंत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसला टेकते, मे महिन्यात ४२ च्या पुढे जाते. त्यामुळे थंडी कधी संपते हे पाहून चालत नाही. ऊन कधी असह्य होते ती तारीख धरायची आणि तिथून मागे मोजत यायचे.

हिशोब सोपा आहे. काकडीला बी टाकल्यापासून फूल यायला पाच-सहा आठवडे लागतात, भेंडीला साधारण साडेसहा ते सात. फळे निदान महिनाभर मिळावीत असे वाटत असेल आणि एप्रिलचा मध्य ही शेवटची खूण धरली, तर बी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जमिनीत हवे. टमाट्याचे रोप गादीवाफ्यात चार-पाच आठवडे आणि लागवडीनंतर फुलायला तीन-चार आठवडे घेते. फूल ते पिकलेले फळ यात आणखी सहा-सात आठवडे जातात. म्हणजे त्याचे बी नोव्हेंबर-डिसेंबरातच पडायला हवे. आम्ही ज्या दिवशी रोपे आणली त्या दिवशी खरे तर तोडणी चालू असायला हवी होती.

गंमत अशी की आपल्या पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, पण 'वसंत पंचमी' मात्र माघात, शिशिरात येते. ती जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात पडते. म्हणजे आमचा हिशोब फिरून ज्या पंधरवड्यावर आला तोच हा. हा सण पेरणीसाठी ठरवला गेला असा आमचा दावा नाही. पण मुलांच्या लक्षात राहायला याहून चांगली खूण नाही. २०२३ साली वसंत पंचमी नेमकी २६ जानेवारीला आली. झेंडावंदन झाले, खाऊ वाटला आणि सगळी शाळा मागच्या वाफ्यांकडे वळली.

बी लवकर टाकले की उशिरा उगवते

लवकर पेरण्यातही एक अडचण आहे, ती शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावी, नाहीतर मुले धीर सोडतात आणि बी उकरून पाहतात. मार्चमध्ये आमची भेंडी सहा दिवसांत वर आली होती. जानेवारीअखेर पेरलेलीला बारा दिवस लागले. का?

प्रत्येक पिकाच्या बियांना एक किमान तापमान असते, त्याखाली त्यांचे काम जवळजवळ थांबते. भेंडीसाठी ते १५ अंशांच्या आसपास आहे. त्या वर जेवढे अंश मिळतील तेवढीच कमाई. जानेवारीच्या शेवटी आपल्याकडे दिवस-रात्रीची सरासरी २१-२२ अंश धरली, तर रोजची कमाई सहा-सात अंशांची. मार्चच्या मध्याला सरासरी २८ धरली तर ती तेरा होते. कमाई दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. रोजच्या तापमानाची अशी बेरीज करून पिकाची वाढ मोजावी ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्ये मांडली. आज हवामान केंद्रे पिकांसाठी जे 'अंश-दिवस' काढतात ते याच बेरजेचे पुढचे रूप. सातवी-आठवीच्या मुलांना सरासरीचे गणित शिकवायला रोजच्या वर्तमानपत्रातले कमाल-किमान तापमान आणि वाफ्यातले कोंब यांहून चांगले साहित्य मिळणे कठीण.

किमान तापमानासारखे कमाल तापमानही असते. पालक, मेथी, सांभार ही थंडीची मंडळी. जमीन तापली की त्यांची उगवण घटते, आणि जे उगवते ते घाईने फुलावर येते, कारण वाढते तापमान आणि मोठा होणारा दिवस या दोन्हींचा निरोप त्यांच्यासाठी 'आता बी धरा' असाच असतो. आर्णीला डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आत-बाहेर असतो, तर जूनमध्ये तेरा तास वीस मिनिटांच्या आसपास. फरक सव्वादोन-अडीच तासांचा. युरोपच्या मानाने थोडा, पण सांभाराला तेवढा पुरतो.

वर्गात हे करून पाहता येते. तीन ओल्या फडक्यांत भेंडीच्या वीस-वीस बिया आणि आणखी तीन फडक्यांत मेथीच्या वीस-वीस बिया गुंडाळा. प्रत्येकाचे एक फडके पाण्याच्या माठाला टेकवून ठेवा, एक वर्गातल्या कपाटात, एक पत्र्याच्या छपराखाली उंचावर. तिन्ही ठिकाणी तापमापी ठेवा. फडकी वाळू देऊ नका, कारण मग उष्णतेचा नव्हे तर कोरडेपणाचा प्रयोग होतो. रोज मोजा. माठाजवळ मेथी पुढे असते, भेंडी रेंगाळते. पत्र्याखाली काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

फूल का गळते?

आता मूळ प्रश्नाकडे. टमाट्याचे झाड हिरवेगार होते, पाणी होते, फुलेही होती. मग फळ का धरले नाही?

याचे एक उत्तर आपण जिथे सहसा पाहत नाही तिथे, रात्रीत, आहे. मूळचा डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्यालयात तापमान हवे तसे ठेवता येईल अशा काचघरांत टमाटे वाढवत असे. १९४४ मध्ये त्याने दाखवून दिले की टमाट्याला दिवस आणि रात्र वेगवेगळ्या तापमानाची लागते. रात्र १५ ते २० अंशांची असेल तेव्हा फळधारणा सर्वांत चांगली होते, रात्री त्याहून बऱ्याच उष्ण झाल्या की झाड वाढते पण फळ धरत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीतल्या रात्री साधारण या पट्टीत बसतात. एप्रिलच्या रात्री पंचविशीला पोहोचतात. दुपारच्या उन्हावर आपण सावली धरू शकतो, रात्रीवर काय धरणार?

पुढे इतरांच्या अभ्यासातून आतली यंत्रणा उलगडत गेली. उष्णतेचा सर्वांत नाजूक बळी म्हणजे परागकण. तो फूल उमलण्याच्या दिवशी तयार होत नाही. उमलण्याच्या आठ ते तेरा दिवस आधी, कळी अगदी लहान असताना, परागकोशात पेशींचे अर्धसूत्री विभाजन चालते. त्या वेळी तापमान ३५ च्या वर राहिले तर परागकणांत पुरेसा अन्नसाठा होत नाही, ते पोचट राहतात. म्हणजे आज गळणारे फूल आजच्या उन्हाची तक्रार करत नाही. ते दहा-बारा दिवसांपूर्वीच्या उन्हाचा निरोप आहे. आमच्या एका शिक्षक मित्राने याच कारणाने फसगत करून घेतली होती. फुले गळताना पाहून त्यांनी हिरवी जाळी बांधली, चार दिवस वाट पाहिली, गळ थांबेना म्हणून जाळी काढून टाकली. आणखी आठवडाभर ठेवली असती तर कदाचित फरक दिसला असता.

उष्णतेचा दुसरा परिणाम भिंगातून दिसतो. टमाट्याच्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून शंकूसारखी नळी करतात आणि कुक्षी त्या नळीच्या आत असते. म्हणून पराग आपोआप तिच्यावर पडतो, मधमाशीवाचून काम भागते. कडक उन्हात अनेक वाणांचा कुक्षीवृंत लांबतो आणि कुक्षी नळीबाहेर डोकावते. पराग आत, कुक्षी बाहेर. जानेवारीतले एक आणि एप्रिलमधले एक फूल भिंगाखाली शेजारी ठेवले की हे मुलांना चित्राशिवाय कळते. वरच्या वर्गांना सूक्ष्मदर्शक असेल तर परागकण अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवावेत. भरलेले कण लाल होतात, पोचट कण फिके आणि आक्रसलेले राहतात.

काकडीच्या वेलाची गोष्ट निराळी आहे. तिथे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या खाली इवलीशी काकडी आधीच असते, नर फूल नुसत्या बारीक देठावर. पहिली काही फुले बहुतेक नरच येतात. 'फुले आली पण फळ नाही' ही सुरुवातीची तक्रार म्हणूनच निराधार असते, आठ-दहा दिवस थांबावे. पण पुढे नर-मादीचे प्रमाण काय राहील हे मात्र हवामान ठरवते. थंड रात्री आणि लहान दिवस असतील तर मादी फुले वाढतात, उष्ण रात्री आणि मोठे दिवस असतील तर नर. वेलीत इथिलीन हा वायू मादी फुलांच्या बाजूने काम करतो आणि जिबरेलिन हे संप्रेरक नर फुलांच्या. केळी पिकवायला वापरतात तेच हे इथिलीन. २०२२ च्या आमच्या वेलीवर नुसती फुलेच का होती, याचे हे कारण.

मुलांना यात सर्वांत जास्त रस वाटला. आम्ही प्रत्येक गटाला एक वेल नेमून दिला आणि दर शनिवारी नर किती, मादी किती हे वहीत लिहायला सांगितले. मार्चच्या सुरुवातीच्या आणि एप्रिलच्या शेवटच्या आकड्यांचा आलेख फळ्यावर काढला तेव्हा काही सांगायची गरज उरली नाही.

परागीभवनाच्या वेळाही पाहण्यासारख्या आहेत. काकडी, टरबूज, डांगर यांची फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत संपतात. दोडक्याचे पिवळे फूल दुपार कलल्यावर उघडते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उघडते आणि त्याच्याकडे मुख्यतः पतंग येतात. शाळा सकाळची असेल तर मुलांना दुधीचे फूल नेहमी मिटलेलेच दिसते आणि ते 'कोमेजले' असे समजतात. कडक उन्हात मधमाश्या फुलांकडे कमी येतात, पोळे थंड ठेवण्यासाठी पाणी आणण्यात त्यांचा बराच वेळ जातो. बागेजवळ उथळ पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवले तर त्या तिथे येतात. फारच निकड असेल तर नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून, मादी फुलाच्या कुक्षीला हळूच टेकवावे. दुधीला हे संध्याकाळी करावे.

(शब्दांविषयी एक सूचना. आम्ही 'डांगर' म्हणतो ते खरबूज. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना डांगर म्हणजे लाल भोपळा वाटेल, त्याला आम्ही कोहळे म्हणतो. सांभार म्हणजे अर्थातच कोथिंबीर. बदलीवर आलेल्या शिक्षकांचा पहिल्या बाजारात हमखास घोटाळा होतो.)

पाणी आणि काळी माती

विदर्भातल्या नद्यांच्या वाळूत डांगरवाड्या लावणाऱ्या भोई-ढिवर कुटुंबांना हे सारे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरून बी टाकायचे. वाळू सकाळी लवकर तापते म्हणून थंडीतही बी उगवते, आणि मुळे खालच्या ओलाव्यापर्यंत जातात म्हणून पाण्याची चिंता कमी. ऊन शिगेला पोहोचेपर्यंत फळ बाजारात. वाळूचा उपसा आणि धरणांमुळे बदललेले प्रवाह यांनी या वाड्यांची जागा आक्रसत चालली आहे. आर्णीला अरुणावतीच्या पुलावरून जाताना मुलांना नदीचे पात्र दाखवून हा विषय काढता येतो.

आपली शाळेची जमीन मात्र वाळूची नाही. काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. एकदा भेग पडली की पाणी भेगेतून खाली निघून जाते आणि खोलवरची ओल भेगेतून वर उडून जाते, दोन्हीकडून तोटा. म्हणून इथे आच्छादनाला फार महत्त्व. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार बोटभर जाडीने वाफ्यावर पसरले की माती तापत नाही आणि भेगा कमी पडतात. दुपारी दोन वाजता उघड्या मातीवर आणि कुटाराखाली तापमापी ठेवून पाहा, मग याविषयी वेगळे व्याख्यान नको. सावलीला तुराट्या आणि पऱ्हाट्या गावात फुकट मिळतात. पश्चिमेच्या बाजूने त्यांचा तिरपा ताटवा उभा केला की दुपारचे ऊन अडते आणि सकाळचे मिळते.

पाण्याचा हिशोबही मुलांकडून करवून घ्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या भागात उघड्या भांड्यातून फेब्रुवारीत दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडते, मे महिन्यात दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त. पिकाची तहान साधारण याच मापाने वाढते असे धरले, तर तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला फेब्रुवारीत रोज पंधरा ते अठरा लिटर पुरतात, मेमध्ये तीस-पस्तीस लागतात. शंभर मुलांनी जेवणापूर्वी आणि नंतर हात-ताटे धुताना प्रत्येकी दोन लिटर पाणी वापरले तर दोनशे लिटर होतात. ते नालीत जाण्याऐवजी बागेत वळवले तर फेब्रुवारीत अकरा-बारा वाफे भिजतात, मेमध्ये जेमतेम सहा. शिवाय मेमध्ये मुलेच नसतात! विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे तारीख उलटी मोजायला आमच्याकडे ऊन आणि सुट्टी अशी दोन कारणे आहेत.

मडक्याचे सिंचन अवश्य करून पाहावे. न भाजता नव्हे, पण बिनचकाकीचे, पाझरणारे मडके तोंडापर्यंत मातीत पुरायचे, पाणी भरून झाकण ठेवायचे आणि भोवती काकडीच्या चार बिया लावायच्या. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढते, ओली झाली की ओढ थांबते. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ही पद्धत वर्णन केलेली आहे. शनिवार-रविवारी शाळा बंद असताना हे मडके पहारेकऱ्याचे काम करते.

मग गुढीपाडव्याला काही पेरूच नये का? पेरावे, पण माणसे निवडून. ढेमसे आणि गवार उन्हाला बरेच पुरून उरतात. चवळाई आणि घोळ तर उन्हातच खुलतात, आणि त्याचे कारण अकरावीच्या पुस्तकात आहे. उष्णता वाढली की बहुतेक वनस्पतींत कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर चुकून ऑक्सिजनच पकडू लागते आणि कमावलेले अन्न वाया जाते. चवळाई व घोळ या सी-४ प्रकारच्या वनस्पती आहेत. त्या कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी गोळा करून मग त्या विकराभोवती दाटीने पोहोचवतात, त्यामुळे ही चूक फारशी होत नाही. पालकाचा वाफा मरगळलेला आणि शेजारी न लावलेली घोळ टवटवीत, हे दृश्य आमच्या बागेत दरवर्षी दिसते. काकू ती घोळ डाळीत टाकतात.

आणखी एक काळजीची बाब. उन्हाची ही शेवटची खूण स्थिर नाही. ज्या वर्षी आमची बाग फसली त्या २०२२ चा मार्च हा कमाल तापमानाच्या देशभरातल्या सरासरीनुसार १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. आणि आम्ही शहाणे होऊन लवकर पेरले, त्या २०२३ चा फेब्रुवारी त्याच मोजमापात सर्वांत उष्ण फेब्रुवारी. म्हणजे एप्रिलचा मध्य धरून केलेला हिशोब काही वर्षी मार्चअखेर धरून करावा लागेल. म्हणून आम्ही आता एकाच दिवशी सगळे पेरत नाही. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन हप्ते करतो, पहिला मकर संक्रांतीनंतर लगेच. प्रत्येक वाफ्यावर तारखेची पाटी. कोणत्या पाटीला किती फळ आले याची वही वर्ग बदलला तरी पुढच्या मुलांकडे जाते. भेंडीसाठी पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारे 'परभणी क्रांती' हे वाण घेतो. तो रोग पांढरी माशी पसरवते आणि ऊन वाढताना तीही वाढते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वेल काढून टाकतो. दुधीचे एक फळ बियाण्यासाठी वेलीवरच वाळू दिलेले असते, ते वर्गात टांगतो. मग वाफे भरपूर भिजवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करतो. इस्रायलमधल्या याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले की कडक उन्हात चार-सहा आठवडे असे झाकल्याने मातीतल्या बऱ्याच रोगकारक बुरश्या आणि तणांच्या बिया उष्णतेनेच मरतात. ज्या उन्हाने आमचा टमाटा घालवला तेच ऊन सुट्टीत, कोणी पाणी न घालता, आमचे काम करत असते. जूनच्या अखेरीस शाळा उघडली की मुले पहिल्यांदा ते प्लास्टिक उचलायला धावतात.